कायदेमंडळातील नेमस्त : गोखले आणि ना. म. जोशी
(कोन, ता. पनवेल येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पनवेलच्या खाडीपासून उरण-पेणपर्यंत पसरलेल्या ज्या मिठागरांनी आपल्या या मुलखातील कित्येक पिढ्यांना पोसले, त्या मिठागरांतून निघणाऱ्या मिठावर इ. स. १९०२ साली इंग्रज सरकार दर मणामागे अडीच रुपये कर घेत असे. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. तिजोरीत शिल्लक होती म्हणून ही सूट देणे सरकारला जड गेले नाही, हे खरे; पण शिल्लक पडलेला पैसा कोणाला परत करावा याविषयी सरकारचे मत आणि प्रजेचे हित यांत नेहमीच अंतर असते, आणि ते अंतर कमी व्हावे म्हणून कलकत्त्याच्या सरकारी सभागृहात दरसाल मार्च महिन्यात उभा राहून, आवाज न चढवता, सरकारच्याच दफ्तरातील आकडे सरकारपुढे ठेवणारा एक गृहस्थ होता. तो मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, पेशाने शिक्षक, आणि राजकारणात नेमस्त पक्षाचा. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचले आहे, आणि बहुधा तेथेच सोडून दिले आहे.

नेमस्त राजकारणाविषयी महाराष्ट्राचे मन कधीच फारसे उदार राहिलेले नाही. जो तुरुंगात गेला, जो फासावर चढला, ज्याने सभा दणाणून सोडली, त्याच्या स्मृतीला आपण माथ्यावर घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने वर्षानुवर्षे विधेयकांच्या कलमांवर खल केला, हरणार हे ठाऊक असताना मत नोंदवले, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात तोच कागद घेऊन पुन्हा प्रवेश केला, त्याच्या कामगिरीची मोजदाद करण्याची सवय आपल्याला लागली नाही. आज मी अशा दोघांविषयी बोलणार आहे. एक गोखले, आणि दुसरे त्यांचे शिष्य नारायण मल्हार जोशी, जे आपल्याच जिल्ह्याचे, त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. मुंबईच्या लोअर परळमधून जाताना ‘ना. म. जोशी मार्ग’ ही पाटी आपण सर्वजण वाचतो. त्या पाटीवरचा मनुष्य मूळचा आपल्यातला होता, याची जाणीव फार थोड्यांना असते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागरजवळच्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात आधी कारकून आणि पुढे फौजदार होते; १८७९ साली ते वारले आणि कुटुंबाचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ते पाठवू लागले. पंधरांतून आठ गेले म्हणजे मागे सात उरतात आणि त्या सातांत घर चालते. वजाबाकीचा हा धडा ज्या मुलाला इतक्या कोवळ्या वयात मिळाला, तो पुढे साम्राज्याचा जमाखर्च वाचू लागला तेव्हा प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी घर आहे हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे जे अंगावर पडेल ते ते शिकवू लागले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर शाळांतून चालले. रानड्यांच्या हाताखालची उमेदवारी मात्र या सर्वांहून कठोर होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे सरकारी अहवाल वाचायला देत, त्यांवर टिपण मागत, टिपणातील प्रत्येक विधानाचा आधार विचारत, आणि आधार न देता आलेले वाक्य बाद करत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले ते या शिस्तीच्या जोरावर.

या शिस्तीला एकदाच तडा गेला, आणि त्याची किंमत फार मोठी होती. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले असता पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांना पत्रांतून कळला आणि तो त्यांनी तेथील वृत्तपत्रात जाहीर केला. मुंबईस परतल्यावर पुरावा मागण्यात आला. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते आणि पुरावा उभा राहिना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची नाचक्की झाली; त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना व्यासपीठावर बोलू देण्याची प्रतिनिधींची तयारी नव्हती. सोजिरांच्या तपासणीने त्या वर्षी पुणे गांजले होते यात शंका नाही, आणि म्हणून त्या माफीचा राग अजूनही ज्यांच्या मनात आहे त्यांना मी दोष देत नाही. तथापि जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे हे सार्वजनिक जीवनातील मनुष्याचे पहिले कर्तव्य आहे असे मी मानतो, आणि पुढे कायदेमंडळातील बारा-तेरा वर्षांत गोखल्यांच्या आकड्यांना सरकारपक्षाला सहसा बोट लावता आले नाही त्याचे मूळ त्या जळत्या अनुभवात आहे असाही माझा तर्क आहे.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्याला परत देताना विक्रीचा आणि गहाणाचा हक्क काढून घेण्याची मुभा सरकारला देणारे विधेयक १९०१ साली त्या मंडळापुढे आले. दुष्काळाने मोडलेल्या कुणब्याला त्याच्याच वावरात सरकारच्या मर्जीवरचा कुळवाडी करून ठेवणारी ती तरतूद होती. सर फिरोजशहा मेहतांनी विचार लांबणीवर टाकण्याची सूचना मांडली, ती फेटाळली गेली, आणि मेहता, गोखले व त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले. सभात्याग हे हत्यार आज इतके स्वस्त झाले आहे की त्या दिवशीच्या त्या कृतीची धार आपल्या ध्यानात येत नाही. ज्या मंडळात हिंदी सभासदाने बोलणे हीच सरकारची मेहरबानी समजली जाई, तेथून नेमस्तांतले नेमस्त म्हणवले जाणारे लोक शेतकऱ्याच्या जमिनीसाठी उठून गेले होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मेहतांच्या जागी गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले. या मंडळाचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कामाची अवघडता कळावयाची नाही. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय, बहुमत सरकारी अंमलदारांचे, हिंदी सभासद मूठभर; अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलावयाचे, पण मत द्यावयाचे नाही, कारण मतदानच होत नसे. शिरस्ता असा की एकामागून एक सभासदांनी उठून अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करावे, आपल्या प्रांताची एखादी किरकोळ मागणी पुढे करावी आणि खाली बसावे. २६ मार्च १९०२ रोजी गोखले प्रथमच उठले. सात कोटींच्या शिलकीबद्दल अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांच्यावर अभिनंदनाचा वर्षाव चालू होता, आणि गोखल्यांनी आरंभीच सांगितले की सदसद्विवेकाला स्मरून मला या अभिनंदनात सामील होता येत नाही. एवढी प्रचंड शिलकी त्यांच्या मते वैभवाची खूण नव्हती. लागोपाठच्या दोन भयंकर दुष्काळांनी आणि प्लेगने देश खचलेला असताना गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत आहेत, एवढेच तिच्यावरून सिद्ध होत होते. रुपयाची किंमत कृत्रिम रीतीने सोळा पेन्सांपर्यंत वर नेल्यामुळे विलायतेस धाडावयाच्या रकमेत सरकारची बचत झाली, पण कर मात्र जुन्याच रुपयांत तेवढेच राहिले, म्हणजे शेतकऱ्याने न बोलता अधिक दिले. ही गुंतागुंत त्यांनी इतक्या स्वच्छपणे उकलली की अर्थखात्यातील मुरब्बी अधिकाऱ्यांनाही ती नाकारता आली नाही. लष्कराचा खर्च, मिठाचा कर, लहान उत्पन्नावरील प्राप्तीकर, शिक्षणावरील क्षुल्लक तरतूद ही सारी कलमे त्यांनी त्या एका भाषणात एकमेकांशी जोडून दाखवली. पुढच्याच वर्षी मिठाचा कर उतरला आणि प्राप्तीकराची माफीची मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजारांवर गेली.

येथे एका मनुष्याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. सोलापूरचे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, शाळेचे मुख्याध्यापक, हे या अंदाजपत्रकी भाषणांमागील अबोल सहकारी. सरकारी अहवालांतील आकड्यांवर त्यांची विलक्षण पकड होती, आणि अंदाजपत्रक हाती पडल्यापासून भाषणाच्या दिवसापर्यंतच्या अल्प अवधीत गोखले त्यांच्याकडून टिपणे मागवत. कर्झनसारखा व्हाइसरॉय ज्या भाषणांपुढे क्षणभर थबके, त्यांची जुळवाजुळव सोलापूरच्या एका शिक्षकाच्या मेजावर होत असे, ही गोष्ट आपल्या गावोगावच्या शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मिठाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण ती आपल्या अंगणातली आहे. मीठ हे श्रीमंताच्या ताटात जेवढे तेवढेच गरिबाच्या ताटात लागते, किंबहुना ज्याच्या ताटात भाकरीबरोबर दुसरे काहीच नाही त्याला ते अधिक लागते; म्हणून मिठावरचा कर हा मिळकतीच्या उलट्या प्रमाणात बसणारा कर. कर वाढला की मिठाचा खप घटतो आणि उतरला की वाढतो, म्हणजे लोक गरजेपुरतेही मीठ खात नव्हते, हे गोखले खपाच्याच आकड्यांवरून दाखवत. समुद्र दाराशी, आगरात मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र पडलेल्या, आणि तेथे राबणाऱ्या आगऱ्याला मात्र मीठ करासकट विकत घ्यावे लागे. कलकत्त्यात आपल्यासाठी कोणी बोलत आहे याची वार्ता या खाडीकाठच्या आगऱ्यापर्यंत कधी पोहोचली असेल असे मला वाटत नाही. तो मतदार नव्हता. गोखल्यांचे बोलणे इंग्रजीत होते. आणि नेमस्तांचे राजकारण या आगरांपर्यंत उतरले नाही. हे त्या राजकारणाचे खरे उणेपण आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. १९३० साली मिठाचा आणि जंगलाचा सत्याग्रह या मुलखात उसळला, त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरला चिरनेरच्या अक्कादेवीच्या टेकडीवर माणसे गोळीबारात पडली, तेव्हा जे लोक रस्त्यावर आले होते त्यांना नेमस्तांनी कधी हाक घातली नव्हती. ती हाक गांधींनी घातली; पण गांधी स्वतः गोखल्यांना आपले राजकीय गुरू म्हणत, हेही विसरून चालणार नाही.

टिळकांशी गोखल्यांचे जमले नाही, सुरतेस १९०७ साली काँग्रेस दुभंगली, हे सर्वश्रुत आहे आणि त्यावर मी वेळ घालवत नाही. गोखल्यांच्या एका मतदानाबद्दल मात्र मला बोललेच पाहिजे. १९१० साली वृत्तपत्रांच्या गळ्याभोवती जामीनकीचा फास टाकणारा कायदा वरिष्ठ मंडळात आला, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू या दोघांनी विरुद्ध मत दिले. गोखल्यांनी दुरुस्त्या सुचवल्या, खेद व्यक्त केला, आणि विरुद्ध मत दिले नाही. मोर्ले-मिंटो सुधारणा नुकत्याच मिळाल्या होत्या, त्या मोडू नयेत ही त्यांची चिंता असावी. चिंता समजते, निर्णय पटत नाही. नेमस्तपणाला जो मोठा धोका असतो तो हाच, की हाती आलेले थोडे सांभाळण्यासाठी मनुष्य हातचे पुष्कळ जाऊ देतो, आणि गोखल्यांसारखा जागरूक पुरुषही त्यातून सुटला नाही.

याच सुधारणांमुळे ठराव मांडण्याचा आणि त्यावर मते घेण्याचा हक्क सभासदांना मिळाला, आणि तो हक्क गोखल्यांनी ज्या कार्यासाठी वापरला ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत थोर कार्य होय. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या शेकडा दोनही नव्हते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. जे एका देशी संस्थानिकाला शक्य झाले ते साम्राज्याला अशक्य का, हा साधा प्रश्न होता. १९१० साली गोखल्यांनी ठराव आणला आणि सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला. त्याच वर्षी शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले, पण मूळ मागणी तशीच राहिली. म्हणून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच मांडले.

ते विधेयक आज वाचले तर त्याच्या मर्यादशीलपणाने वाचणारा थक्क होतो. सक्ती करावयाची की नाही हे नगरपालिका किंवा लोकल बोर्ड ठरवील. तीही ज्या भागात सरकार ठरवील तेवढी मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि सरकारच्या मंजुरीनेच. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींना ती मागाहून लावता येईल. घरापासून मैलाच्या आत शाळा नसेल तर सक्ती नाही. ज्या बापाची प्राप्ती महिना दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाला फी नाही. खर्चाचा तिसरा हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा आणि दोन हिस्से सरकारने. एवढी बंधने, एवढ्या सवलती, एवढी सावधगिरी असूनही सरकारने ते नाकारले. लोकांना सक्ती नको आहे, पैसा नाही, शिक्षक नाहीत, प्रांतिक सरकारांचा विरोध आहे, अशी कारणे पुढे आली. काही हिंदी जमीनदार सभासदांनीही विरोध केला. शेतमजुराचा पोर पाटी घेऊन बसला तर गुरे कोण राखील ही त्यांची खरी भीती होती, ती कोणत्या शब्दांत मांडली गेली याला महत्त्व नाही. १९११च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी पन्नास लाखांची देणगी जाहीर झाली होती. देणगी द्यायला सरकार राजी होते, हक्क द्यायला नव्हते. जिनांनी विधेयकाला पाठिंबा दिला, मालवीयांनी दिला. मार्च १९१२मध्ये दोन दिवस वादविवाद झाला, मते घेण्यात आली, आणि तेरा विरुद्ध अडतीस मतांनी विधेयक पडले.

हे होणार हे गोखल्यांना पहिल्यापासून ठाऊक होते आणि त्यांनी ते भाषणातच सांगितले होते. तक्रार नाही, त्रागा नाही. आज फेटाळलेले हे विधेयक पुन्हा पुन्हा येईल आणि त्याच्या अपयशांच्या पायऱ्यांवरून एके दिवशी कायदा वर येईल, अशा आशयाचे ते बोलले. सहा वर्षांत त्याचा प्रत्यय आला. १९१७ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा मंजूर करून घेतला. साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात येण्यास मात्र १ एप्रिल २०१० ही तारीख उजाडावी लागली. ज्यांच्या आजोबांची पोरे गुरे राखीत राहिली त्या आपल्या डोंगरवाड्यांतील कातकऱ्यांना विचारा, मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांची किंमत कोणी दिली ते.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास वारले, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वी. मागे एक संस्था ठेवून गेले. १२ जून १९०५ रोजी स्थापलेल्या भारत सेवक समाजात प्रवेश घेणाऱ्याने तुटपुंज्या वेतनावर आयुष्यभर देशाचे काम करावयाचे, स्वतःसाठी धन मिळवावयाचे नाही, आणि काम करण्यापूर्वी अभ्यास करावयाचा, असा तेथला नियम होता. १९०९ साली या समाजात आपल्या जिल्ह्याचे नारायण मल्हार जोशी दाखल झाले.

जोशी १८७९ साली गोरेगावात जन्मले, पुण्यात शिकले, काही वर्षे शिक्षक होते. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांच्या द्वारे कामगारवस्तीत पाय रोवले. गुरूच्या राजकारणाचे जे उणेपण मी मघाशी सांगितले ते शिष्याने भरून काढले, असे मला वाटते. कारण चाळीतील खोलीत किती माणसे झोपतात, पाळीवर जाणाऱ्या बाईचे तान्हे कोणाजवळ राहते, पठाण सावकाराचे व्याज किती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मगच ते दिल्लीच्या कायदेमंडळात गेले. कोकणातून, आणि आपल्या या जिल्ह्यातूनही, पोटासाठी मुंबईस गेलेली माणसेच त्या चाळींत राहत होती.

१९१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. योगायोग असा की त्याच आठवड्यांत, त्याच शहरात, अमेरिकेचे सिनेट व्हर्सायच्या तहावर झगडत होते. एका बाजूस तहातील एक अक्षरही न बदलण्याचा अध्यक्ष विल्सन यांचा हट्ट, दुसऱ्या बाजूस सिनेटर लॉज यांचा कडवा विरोध, आणि मधे थोड्याशा सौम्य अटी घालून तह वाचवू पाहणारे मॅककंबर, नेल्सन, केलॉग यांच्यासारखे मध्यममार्गी सिनेटर. १९ नोव्हेंबरला तह फेटाळला गेला आणि त्या मध्यममार्गी सिनेटरांचे सारे श्रम वाया गेले. ज्या अमेरिकेच्या राजधानीत कामगारांची परिषद भरली होती ती अमेरिका स्वतः आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची सभासद व्हायला १९३४ साल उजाडले. स्वतंत्र आणि बलाढ्य राष्ट्राच्या सभागृहातही मधल्या माणसाची अशी अवस्था होते, हे ज्यांना नेमस्तपणा ही केवळ पारतंत्र्यातील दुर्बलता वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे. परिषदेने इतर बहुतेक देशांसाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले आणि हिंदुस्थानासाठी साठ. साठ तास हे अन्यायाचेच प्रमाण. पण गिरणीत त्याहून अधिक राबणाऱ्या माणसाला १९२२च्या फॅक्टरी कायद्याने साठ तासांची मर्यादा मिळाली ती तेथून.

१९२० साली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या उभारणीत जोशी होते. १९२१ पासून सरकारनियुक्त सभासद म्हणून ते मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले आणि दोन दशकांहून अधिक काळ बसले. सरकारने नेमलेला मनुष्य सरकारशी भांडेल काय, ही शंका साहजिक आहे. जोशींच्या बाबतीत तिचे उत्तर कायद्यांच्या पुस्तकात सापडते. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात संघटना चालवणाऱ्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयाने मनाईहुकूम काढला, तेव्हा देशभरच्या कामगार संघटनांच्या ध्यानात आले की एकत्र येणे हाच कट ठरू शकतो. जोशींनी लगोलग १९२१ साली ठराव आणून संघटनांना कायद्याचे संरक्षण मागितले. पाच वर्षे त्या मागणीचा पाठपुरावा करावा लागला. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. कामावर हात तुटला, जीव गेला, तर भरपाई हक्काने मिळावी असा कायदा १९२३ सालचा. त्याच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

८ एप्रिल १९२९ हा दिवस मला येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्या दिवशी दिल्लीच्या सभागृहात संपाच्या हक्कावर घाला घालणारे ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक संमत झाले, आणि त्याच क्षणी प्रेक्षागृहातून भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. त्याच विधेयकाला जोशींनी सभागृहात बसून, कलम कलम घेऊन, विरोध केला होता. भगतसिंगांच्या तेजाची बरोबरी कोणी करू नये. पण एकाच अन्यायाविरुद्ध एका छताखाली दोन माणसे दोन रीतींनी उभी राहिली, आणि त्यांपैकी एकाचेच नाव आपल्याला पाठ असावे हे मला बरे वाटत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपुरास ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. जहालांनी जोशींना सरकारचा माणूस ठरवले, आणि जी संस्था उभारण्यात आयुष्य घातले तिच्यातून सहकाऱ्यांसह ते बाहेर पडले. पुढे दुफळी मिटली, तेव्हा त्याच संस्थेने सरचिटणीसपदासाठी पुन्हा त्यांनाच बोलावले आणि मागचे काही न काढता ते परतले.

त्यांच्या एका पराभवाची हकिकत सांगून मी थांबतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला काही आठवडे कामातून सुटका आणि त्या काळाचा भत्ता मिळावा, एवढ्यासाठी १९२४ साली जोशींनी मध्यवर्ती मंडळात विधेयक आणले. बायकांची तशी मागणी नाही, गिरण्यांना खर्च झेपणार नाही, वेळ आलेली नाही, असे सांगून ते फेटाळण्यात आले. बारा वर्षांपूर्वी गोखल्यांना दिलेली उत्तरेच नाव बदलून पुन्हा आली होती. १९२९ साली मुंबई कायदेमंडळाने आपल्या इलाख्यापुरता तसा कायदा केला, इतर प्रांतांनी मागाहून केला, आणि साऱ्या देशासाठीचा कायदा १९६१ साली झाला. तोवर जोशी जाऊन सहा वर्षे लोटली होती. २०१७ साली रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. कोनवरून रोज सकाळी रसायनी-पाताळगंगेच्या, तळोज्याच्या कारखान्यांकडे ज्या बसगाड्या जातात त्यांत आपल्या गावांतील लेकीसुना बसलेल्या असतात. त्यांपैकी कायम नोकरीत असलेल्यांना ती रजा सहज मिळते, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या कित्येकींना, कायदा त्यांनाही लागू असूनही, ती मागण्याचे धाडस आजही होत नाही.